हेमराजचा अडकित्ता

"बाही वर कर, सच्या. दाखव सगळ्यायले."

सचिनने बाही वर केली. कोपराखाली टाक्यांचा लांब व्रण होता. दिवाळीनंतर वर्गातल्या भांडणात एका पोराने त्याच्या हातावर कागद कापायचं कटर ओढलं होतं. ते पोरगं शाळा सोडून मामाच्या गावी गेलं, जखम भरली, पण छायाबाई दर पालकसभेत मुलाचा हात दाखवायच्या. आईचं काळीज होतं, त्यात खोटं काही नव्हतं. सचिनला मात्र आता लाज वाटायला लागली होती. तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

"आता मशीन बसवाच," छायाबाई म्हणाल्या. "लोखंड घेऊन एकही पोरगं आत गेलं नाई पाहिजे."

सभेत धुरपता चहा देत होती. ती शाळेची शिपाई, पण सरकारी नव्हे, शाळा समितीने ठेवलेली. घंटा, झाडू, पाणी, गेट, सगळं तिच्या अंगावर. त्याबदल्यात शाळेमागची एक खोली तिला राहायला दिली होती. नवरा हेमराज किडनीच्या दुखण्याने त्या खोलीत पडून असायचा आणि मुलगी रुपा याच शाळेत दहावीला होती. समितीने एखाद्या दिवशी 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं की नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही जाणार, हे धुरपता झोपेतसुद्धा विसरत नसे.

"मी डेपोत जिंदगी काढली," समितीचे अध्यक्ष प्रभाकरराव म्हणाले. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतून ते निवृत्त झाले होते आणि हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतही बोलत. "जातानी झडती, येतानी झडती. माचीसची काडी नेता येत नव्हती आत. माही इज्जत गेली का?"

"भाऊ, तिथं बारूद होतं," गोपाल म्हणाला. तो ऑटो चालवायचा आणि सभेत उलटं बोलणारा एवढा एकच होता. "इथं लेकरं हायेत."

"आजकालची लेकरंच बारूद हायेत."

लोक हसले. गोपाल हसला नाही. "सकाळी लेकरानं आंधी चोरावानी हात वर कराचे अन् मंग प्रार्थना म्हणाची. बरं दिसते का हे? भांडण काऊन झालं, ते कोनी इचारून नाई राह्यलं."

"तुमच्या पोराचा हात चिरला असता म्हणजे समजलं असतं," छायाबाई म्हणाल्या, आणि गोपालची बाजू तिथेच पडली.

मग वर्षालीची आई भावनाताई उठल्या. "सगळ्यायले काऊन तपासाचं पण? आमची वर्षाली काय चाकू घेऊन येते? टोलीवरच्या पोरायले तपासा ना. त्यायच्या घरी कोयते-कुऱ्हाडी अशाच पडून राह्यते."

टोली म्हणजे गावाबाहेरची गोंडांची वस्ती, आणि धुरपता तिथलीच. ती भावनाताईंच्याच पुढ्यात चहाचा ट्रे धरून उभी होती.

"तुमच्याबद्दल नाई म्हणत हां, धुरपताबाई."

"नाई जी."

"चाय मस्त झाली पण."

आपण वाईट बोललो हे लोकांना कळतं, तेव्हा त्यांना चहा चांगला लागतो. धुरपताने रिकामे कप उचलले आणि पुढे सरकली.

शेवटी सगळ्यांनाच तपासायचं ठरलं. मुख्याध्यापकांना दोन्ही बाजू पटत होत्या. निवृत्तीला आलेल्या माणसाला सगळंच पटतं. तपासणार कोण, या प्रश्नावर शिक्षकांनी तसा आदेश नसल्याचं सांगितलं. तेव्हा प्रभाकररावांनी धुरपताकडे बोट केलं. वर रोज एका पालकाने पाळीपाळीने गेटवर खुर्ची टाकून बसायचं, म्हणजे धुरपतावरही लक्ष राहील, हेही ठरलं. आणि तेही तिच्यासमोर.

नागपुरात बंद पडलेल्या एका मॉलमधली, धातू दिसला की वाजणारी जुनी चौकट आणून गेटात उभी केली. बरोबर हातात धरायची एक काळी दांडी आली. चौकट वाजली की दांडी अंगावरून फिरवायची. "हात वर. पाय फाकव. आता वळ," एवढे शब्द धुरपताला शिकवले गेले आणि अंगात घालायला एक खाकी शर्ट मिळाला.

खरं सांगायचं तर तिला ते काम आवडलं. इतकी वर्षं तिच्या हातातला झाडू बघून पोरं ओला पाय मुद्दाम पुसलेल्या फरशीवर ठेवायची. आता तीच पोरं तिच्यापुढे हात वर करून उभी राहत. केसातल्या आकड्यांवर दांडी टुकटुक करायची, तेव्हा ती पोरींचे आकडे काढून घ्यायची. दांडी कशाला वाजेल आणि कशाला नाही याचा काही नेम नव्हता. एकदा ती वर्षालीच्या पायपट्टीवर, म्हणजे पैंजणावर वाजली. जाऊ देता आलं असतं. धुरपताने जाऊ दिलं नाही. सगळ्या रांगेसमोर तिला खाली बसून पायपट्ट्या काढायला लावल्या. वर्षाली रडली. "नियम सगळ्यायले सारका," धुरपता म्हणाली. टोलीबद्दलचं ते बोलणं तिच्या मनातून गेलं नव्हतं आणि त्या दिवशी तिला भाकर गोड लागली.

खोलीत परतल्यावर ती हेमराजला हे सगळं रंगवून सांगायची. तो पडल्या पडल्या अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकायचा. डॉक्टरने सुपारी बंद केली होती. तो खात नव्हता, नुसती कातरून वाटीत ठेवायचा. "लेकरायले नको छळू वो," एवढंच म्हणायचा.

फेब्रुवारीत हेमराज गेला.

मुलगा नव्हता. हेमराजचा धाकटा भाऊ अमर म्हणाला, माह्या पोराच्या हातून करू. पण हेमराजने आधीच सांगून ठेवलं होतं, की माझी माती रुपा देईल. रुपाने दिली. तिथल्या चालीप्रमाणे, ज्याने माती दिली त्याने दहावा होईपर्यंत लोखंड अंगावेगळं करायचं नसतं, दहाव्याला नदीवरच ते उतरवायचं. जेवताना, झोपताना, बाहेर जाताना ते जवळ हवं, नाहीतर गेलेला माणूस अडकून राहतो म्हणतात. ही चाल एकट्या टोलीची नव्हे. गावात सगळेच पाळतात. प्रभाकररावांचे वडील गेले तेव्हा तेही रुमालात सुरी गुंडाळून किराणा आणायला फिरत होते.

रुपाने बापाचा अडकित्ता कमरेला खोचला. रात्री ती तो मुठीत धरून झोपायची.

आणि दहाव्याच्या आत तिची बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा आली.

धुरपता आदल्या दिवशीच प्रभाकररावांच्या घरी गेली. अंगणात उभी राहून म्हणाली, "भाऊ, पोरीजवळ लोखंड आहे. उद्या गेटवर..."

प्रभाकररावांना खरंच वाईट वाटलं होतं. "अवं, हे काय इचारनं झालं? येऊ दे तिले तशीच. आमाले काय समजत नाई का?"

धुरपता निश्चिंत होऊन परतली. खोलीत रुपाला म्हणाली, "भाऊनं हो म्हणलं. तू भेऊ नको माय." हीच तिची चूक. घरच्या अंगणात दिलेला शब्द गेटवर चालतो, असं तिला वाटलं.

सकाळी गेटवरच्या खुर्चीत छायाबाईंची पाळी होती. धुरपताला दुखवट्याची सुट्टी मिळाली नव्हती. बदलीला माणूस कुठून आणायचा? खाकी शर्ट घालून ती दांडी घेऊन उभी होती. रुपा रांगेतून आली, चौकटीखालून गेली आणि चौकट वाजली.

"जाय," धुरपता हळूच म्हणाली.

"थांब," छायाबाई म्हणाल्या. "वाजली ना ते."

"अडकित्ता आहे, ताई. तिच्या बापाचा. दहावा नाई झाला अजून."

"माहीत आहे मले. माह्याही घरी झालं आहे हे सगळं." छायाबाईंचा आवाज कठोर नव्हता. "पण अडकित्त्याले पातं राह्यते, धुरपताबाई. सच्याले लागलं ते कटर एवढुसंच होतं."

"मंग माह्या पायपट्ट्या कायले काढाले लावल्या होत्या?" रांगेतून वर्षाली म्हणाली. भावनाताई तिला सोडायला आल्या होत्या. त्या पुढे येऊन मुलीच्या शेजारी उभ्या राहिल्या. रांग खोळंबली. पोरं माना उंचावून बघायला लागली.

तेवढ्यात प्रभाकररावांची स्कूटर आली. धुरपताच्या जिवात जीव आला. "भाऊ, सांगा ना तुमी. काल म्हणलं होतं ना तुमी."

प्रभाकररावांनी छायाबाईंकडे पाहिलं, भावनाताईंकडे पाहिलं, मग रांगेकडे. स्कूटर स्टँडवर लावायला त्यांनी बराच वेळ घेतला.

"म्हणलो होतो," ते म्हणाले. "पण ते घरचं बोलनं होतं, धुरपता. हे गेट आहे."

"दहाव्याले थोडेच दिवस राह्यले, भाऊ."

"मंग तेवढे दिवस पोरीले घरी ठेव ना."

"परीक्षा आहे तिची आज."

"म्हणूनच सांगून राह्यलो. काढून ठेव डब्यात, परीक्षा देऊन येऊ दे, मंग ने. तूच काढ तुह्या हातानं. आमी काढला असं कोनी म्हणाले नको." मग आवाज उतरवून, समजुतीने, "तुही खोली, नोकरी, सारं समितीकडं आहे. मले तुह्यासाठी भांडाचं हाये अजून. माहे हात नको बांधू."

धुरपता मुलीकडे वळली. "दे माय."

रुपाने दोन्ही हातांनी कमर धरली. "नाई."

"दुपारी देतो म्हणते ना ते."

"बाबा अडकून राहीन, आई."

"रुपे, दे."

"तू म्हणली होती भेऊ नको म्हणून."

धुरपताने तिला मारलं. एकच चापट, पण गालावर, आणि सगळ्या शाळेसमोर. रुपाचे हात सुटले. धुरपताने तिच्या कमरेचा अडकित्ता ओढून काढला आणि जप्तीच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. डब्यात दोन कटर होते, एक कर्कटक होतं आणि पोरींचे पुष्कळ आकडे.

"आता पुरी तपासून घ्या, म्हणजे शंका नको," भावनाताई म्हणाल्या.

"हात वर," धुरपता म्हणाली. रुपाने दोन्ही हात बाजूला पसरले. धुरपताने बापाविना झालेल्या त्या पोरीच्या अंगावरून दांडी फिरवली. दांडी वाजली नाही. "वळ." रुपा वळली. "जाय."

गोपाल ऑटोतून पोरं उतरवत होता. त्याने सगळं पाहिलं. तो म्हणाला, "वा रे समिती," आणि पुढच्या फेरीला निघून गेला. त्यालाही पोरं वेळेत पोचवायची होती.

दुपारी अडकित्ता मिळाला नाही. मुख्याध्यापकांनी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. वस्तूला पातं आहे, तेव्हा समितीची सभा होईपर्यंत ती परत करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. सभा पुढल्या आठवड्यात होती. धुरपता रोज त्यांच्या दारात उभी राहायची, ते रोज "बघू" म्हणायचे. नोकरी मात्र राहिली. प्रभाकररावांनी शब्द पाळला, हे ते स्वतःच चार ठिकाणी सांगत होते.

रुपा त्या दिवसापासून आईशी बोलली नाही. परीक्षा दिली, वेळेवर जेवली, भांडी घासली. झोपताना मूठ तशीच वळलेली असायची, रिकामी. धुरपता तिच्याकडे पाठ करून पडायची आणि तिला झोप यायची नाही. आपण पोरीचं वाईट केलं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

दहाव्याला टोलीवरची माणसं नदीवर जमली. अमरने सगळी मांडामांड केली आणि हात पुढे केला.

"लोखंड आण, पोरी."

रुपा पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"लोखंड कुठी हाये?"

"शाळेत," धुरपता म्हणाली.

"म्हणून म्हणलो होतो का पोरीच्या हातून नाई होत," अमर म्हणाला. बायका आपसात कुजबुजल्या. धुरपताने आपल्या अंबाड्यातला आकडा उपसला. केस पाठीवर सुटले. "हे पन लोखंडच हाये," ती म्हणाली. "एवढा वखत चालवून घ्या." अमरने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

आकडा घेऊन धुरपता पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या मुलीपाशी गेली. कमरेला खोचायला तिने हात पुढे केला.

रुपाने पाय फाकवले. दोन्ही हात बाजूला पसरून खांद्याइतके वर केले आणि आईच्या डोक्यावरून पलीकडे बघत उभी राहिली.

"हात खाली घे, माय," धुरपता म्हणाली.

रुपाने हात तसेच ठेवले. मग, कोणी न सांगता, वळली.