उशिराचे वाफे

ताईने पिशवीतून गवताचा ठोंब काढला आणि मॅडमच्या टेबलावर आपटला. माती कागदांवर सांडली. ठोंबाला एकही हिरवा फुटवा नव्हता.

"कापून महिना झाला. सगळं रान असंच वाळलंय. चार गाई दावणीला आहेत, त्यांना काय घालू? तुमच्याच पत्रकात होतं, दोन महिने उशिरा लावलं तरी जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर कापा, पुन्हा फुटतं."

दाराशी तिचा धाकटा भाऊ उभा होता. या चारा संशोधन केंद्रातली कापणी तीन वर्षं तोच करत होता. हात इतका नेमका, की सगळे त्याला मोजपट्टी म्हणत.

"तुम्ही जास्तच खाली कापलं असेल," मॅडम म्हणाल्या. "आमचे उशिराचे वाफे दर वेळी फुटलेत. विचारा तुमच्या भावाला."

"सांग की रे मोजपट्टी! तोंडात गुळणी धरलीस का?"

मोजपट्टीने पुढे येऊन ठोंब उचलला. ठोंबाची मुळं बोटभरच होती. असली मुळं त्याच्या चांगल्या ओळखीची होती. पहिल्या वर्षी उशिराच्या वाफ्यात त्याने खालून विळा ओढला, तर दोन ठोंब उपटून हातात आले होते. तेव्हापासून त्या वाफ्यांत त्याचा विळा आपोआप वर जाई.

"मॅडम, ते वाफे मी पाचवर कापलेच नाहीत. दहावर कापले."

"कुठले?"

"उशिराचे. सगळे. कोवळी मुळं... जीव होईना."

"गेल्या वर्षी?"

"तिन्ही वर्षं."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "आम्ही मोजलंच नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तुम्ही कापलेलं कशाला मोजायचं, म्हणून."

"म्हणजे माझं रान तू..." ताई मटकन खुर्चीत बसली.

मग मॅडम उठल्या. "यंदाचे उशिराचे वाफे अजून उभे आहेत ना? चला."

शेतात मोजपट्टी उकिडवा बसला. मॅडमनी पट्टी जमिनीला टेकवून धरली. त्याने विळा बरोबर पाचवर आणला आणि ओढला. ठोंब मुळासकट वर आला.

त्याने तो बांधावर, ताईच्या पायाशी ठेवला. वर बघितलं नाही.

"लिहा, मॅडम," तो म्हणाला आणि पुढच्या ठोंबाला हात घातला.