स्पर्श: नको

फॉर्म एकेचाळीस प्रश्नांचा होता आणि मार्लिस टॉलफसनला त्यातला एकही धड वाटला नाही. कोणता वास सहन होत नाही. खोलीत कुत्रा असलेला चालेल का. पूर्वजांपैकी कुणाला मनाने सोबत आणायचं आहे का. या शेवटच्या प्रश्नापुढे तिने लिहिलं, 'एल्मर काका. पण तो पिऊन येईल.'

जागेचं नाव 'सौम्य किनारा'. समुद्र तिथून नव्वद मैलांवर. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथे दातांचा दवाखाना होता, आणि छताला दिव्याचा दांडा बसवल्याची भोकं अजून होती. ती झाकायला त्यांनी कापडाचा ढग टांगला होता. मार्लिसची अक्कलदाढ याच खोलीत काढली होती, आणि तेव्हाचा डॉक्टर निदान ढग वगैरे टांगत नव्हता.

ती आली होती ती कोरिनमुळे. कोरिन तिची एकुलती मुलगी, अलास्कात राहणारी, तीन आठवड्यांनी बाळंत व्हायची होती. चार वर्षांत मार्लिसने वाजणारा फोन उचलला नव्हता. फोन वाजला की ती तो उशीखाली सारायची आणि मग मेसेज करायची. गेल्या महिन्यात कोरिनने मेसेज टाकला: 'कळा सुरू झाल्यावर मी टाइप करत बसणार नाही, आई. फोन उचलणार असशील तर सांग, नाहीतर मी तुला हिशेबात धरतच नाही.' गोळ्या घेऊन झाल्या होत्या, डॉक्टर बदलून झाले होते. आता राहिली होती ती ओरेगनमध्ये उपचार म्हणून कायद्याने चालणारी, भास घडवणारी ही आळंबी, चहातून घ्यायची.

"नाव आईबापांनी ठेवलं की रोपवाटिकेतून आणलंस?" मार्लिसने विचारलं. चहा चढलेला असताना शेजारी बसायला नेमलेली परवानाधारक सोबतीण समोर गादीवर मांडी घालून बसली होती, आणि तिचं नाव जुनिपर होतं.

"वडिलांनी. लाकूडतोडे होते. त्यांना झाडांशिवाय नावं ठाऊक नव्हती," जुनिपर म्हणाली आणि फॉर्मचं पुढचं पान उलटलं. "आता स्पर्श. हात धरणं, खांद्यावर हात, पावलांवर हात. प्रत्येकापुढे हो किंवा नको. चहा घेतल्यावर तुम्ही 'हो'चं 'नको' करू शकता. 'नको'चं 'हो' करता येत नाही. मागितलंत तरी मी देणार नाही, कारण त्या वेळी मागणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीत नसते."

"मला तुझा हात लागणारच कशाला? नवऱ्याचाही फारसा लागला नाही."

तिने तीन वेळा 'नको' लिहिलं. तिसऱ्या वेळी पेन कागदातून आरपार गेलं.

मग जुनिपरने कपाटातून डोळ्यांवर बांधायची पट्टी बाहेर काढली आणि मोठे, गुबगुबीत हेडफोन. मार्लिस उठून उभीच राहिली.

"हे लांब ठेव."

"संगीतासाठी आहेत. बऱ्याच जणांना—"

"एकोणीस वर्षं मी हेच कानाला लावून आणीबाणीचे फोन घेत होते. कुत्र्याबद्दल विचारलंत, एल्मर काकाबद्दल विचारलंत. हे विचारायचं कुणाला सुचलं नाही?"

जुनिपरचा चेहरा लाल झाला. "नाही सुचलं. चूक आमची," असं म्हणून ती हेडफोन खोलीबाहेर ठेवून आली आणि कपाटावरचा छोटा स्पीकर लावला. जखमी मनांची काळजी घ्यायचं प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत होतं. मार्लिसने ते वरपासून खालपर्यंत, सहीसकट वाचलं आणि एक हुंकार दिला.

चहा लिंबाचा होता, तळाशी आळंबीच्या भुकटीचा गाळ. चव ओल्या पोत्यासारखी. पहिली चाळीस मिनिटं काही झालं नाही, फक्त बासरी वाजत होती. बासरीवाल्याला दमा असावा असं मार्लिसने ठरवलं. मग ढगाच्या कापडाची वीण सुटी झाली आणि एकेक धागा खाली उतरू लागला. हे रासायनिक आहे, ती स्वतःला म्हणाली. मेंदूतलं एक कुलूप दुसरीच किल्ली लागून उघडलं आहे, एवढंच. हे स्पष्टीकरण बरोबर होतं आणि त्याचा उपयोग शून्य झाला, कारण पुढच्या क्षणी तिच्या बोटाखाली ते बटण होतं.

लाइन सोडायचं बटण.

चार वर्षांपूर्वीची, वणव्याची ती दुपार. पडद्यावर बावीस फोन थांबलेले. लाइनवर कॅनियन रोडचा विल्बर ऑर्डवे, वय एक्क्याऐंशी. समोरच्या सूचनांच्या कार्डात होतं ते मार्लिसने वाचलं: घर सोडा, खाली उतरा, दक्षिणेकडे वळा. तो म्हणाला, फोन ठेवू नका बाई, तुमचा आवाज येतो तोवर माझी बायको आयडा शांत बसते. कार्डाची पुढची ओळ होती: सूचना देऊन लाइन मोकळी करा. तिने केली. त्यांचा जळालेला ट्रक दुसऱ्या वळणावर सापडला, दोघं आतच. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की कर्मचाऱ्याने कार्यपद्धती अचूक पाळली, आणि तिला एक प्रशस्तिपत्र दिलं. ते तिने कचऱ्याच्या पिशवीच्या तळाशी, कॉफीच्या चोथ्याखाली टाकलं होतं.

बटण खाली जात राहिलं. जात राहिलं, आणि तळ लागेना.

"हात दे," मार्लिस म्हणाली.

"नाही देता येत."

"मी मागतेय ना."

"ऐकलं मी. सकाळी तुम्ही नको लिहिलंत. मी त्या मार्लिसचं ऐकणार."

"ती गाढव होती."

"असेल. सही तिची आहे."

मार्लिसने शिव्या दिल्या. एकोणीस वर्षांत दारुडे, नवरे आणि अपघातात अडकलेले ड्रायव्हर यांच्याकडून ऐकलेल्या सगळ्या दिल्या, क्रमाने. जुनिपर हलली नाही.

"मग निघ इथून. जेवायची वेळ झाली असेल तुझी."

"तेही नाही करता येत. तुमचं पूर्ण उतरेपर्यंत मी खोली सोडायची नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे कागदावर आहे म्हणून बसलीस."

जुनिपरने कंबर चोळली. "हो. नाहीतर एव्हाना पाय मोकळे करायला गेले असते. माझी कंबर गेलीये."

त्या कापडी ढगाखाली दिवसभरात बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. मार्लिस हसली की रडली ते तिलाही कळलं नाही. ही पोरगी कागदावर होतं म्हणून बसली होती. कागदावर 'जा' असतं तर गेली असती, आणि वाईट माणूस म्हणून नव्हे. कार्डावर 'थांबा' असतं तर मार्लिसही थांबली असती. दोन्ही वाक्यं तिने तोलून पाहिली. त्याने कुणी जिवंत होत नव्हतं, आणि तिची सुटकाही होत नव्हती. पण ते तंतोतंत होतं, आणि चार वर्षांत तिला कुणी तंतोतंत असं काही दिलं नव्हतं.

"मग बोल तरी," ती म्हणाली. "तोंडाला तर बंदी नाही ना?"

"नाही. काय बोलू?"

"वेळ सांग. सारखी सांगत राहा. थांबू नकोस. आणि ती बासरी बंद कर."

बासरी बंद झाली. "मी इथे आहे. एक वाजून चाळीस," जुनिपर म्हणाली. मग एक एकेचाळीस. मग एक त्रेचाळीस, कारण मधे तिला शिंक आली, आणि मार्लिस लगेच म्हणाली, "बेचाळीस कुठे गेले?"

"माफ करा. गेले."

पावणेचारपर्यंत हेच चाललं. मधल्या वेळात मार्लिसने तो फोन शब्द न् शब्द सांगितला, विल्बरच्या खोकल्यासकट. जुनिपरचा आवाज बसत गेला, पण मिनिट पुन्हा चुकलं नाही.

पाच वाजता तिचा भाऊ वेन न्यायला आला, कारण चहा घेतलेल्याने गाडी चालवायची नसते. निघताना अभिप्रायाचा कागद होताच. मार्लिसने उभ्याउभ्याच भरला. संगीत: भिकार. सजावट: दंतवैद्य बरा होता. हेडफोनचा प्रश्न फॉर्ममध्ये घाला, कुत्र्याचा काढा. सोबतीण: वेळ बरोबर सांगते. एक मिनिट सोडून.

"पुढच्या भेटीत आजच्या अनुभवावर बोलू," घसा बसलेली जुनिपर म्हणाली.

"तुझा आवाज परत येईल तेव्हा," मार्लिस म्हणाली आणि कापडी पिशवीतून आपला फोन घेतला.

वेनचा ट्रक पेट्रोल पंपाशी वळत होता तेव्हा तो वाजला. कोरिन. मार्लिसचा हात आपोआप सीटच्या फटीकडे गेला, फोन तिथे सारायला.

"तो आवाज बंद कर नाहीतर उचल," वेन म्हणाला. "मी गाडी चालवतोय, तू कसली वाट बघतेयस?"

पाचव्या रिंगला तिने उचलला.

"आई?" पलीकडून आवाज आला. "तू उचललास? मी तर मेसेज सोडणार होते. आई, आहेस ना?"

"मी इथे आहे," मार्लिस म्हणाली. "पाच बावीस."

"काय?"

"काही नाही. पोट उतरलं का खाली?"

कोरिनने पोटाचं सांगितलं, सुजलेल्या पायांचं सांगितलं, सासू आणत असलेल्या माशांच्या सूपचं सांगितलं. मग थेरपी कशी झाली ते विचारलं.

"बासरी भयंकर होती."

"बरं झालं की नाही?"

"मला काय विचारतेस? तळ लागला नाही एवढं कळलं." मार्लिसचा कान तापला होता.

"दमलेली वाटतेस. ठेवतेयस?"

मार्लिसने अंगठा काचेपासून दूर धरला. "तू ठेव," ती म्हणाली. "मी नाही ठेवणार."

कोरिननेही फोन ठेवला नाही. वेनने हळूच रेडिओ बंद केला. घरापर्यंत सोळा मैल होते.