खरखरीचे चाक

मित्रांनो, बोलण्याची मला सवय नाही. मी एक जुना, हातात मावणारा स्कॅनर. वायरलेसवर दुसरे जे बोलतात ते ऐकायचे आणि घरच्यांना ऐकवायचे, एवढेच माझे काम. ऐकून ऐकून आता फार शिणलो आहे. बंद पडण्याआधी एकदा आपलेही सांगून टाकावे, असे वाटते.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, एका अरुंद खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या घरात माझे आयुष्य गेले. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात चाळीस चॅनेल होते आणि चाळीसच्या चाळीस रिकामे. डॉर्सी टेनंटने मला घरी आणले आणि त्याच दुपारी चष्मा कपाळावर चढवून कामाला बसला. कोण कोणत्या रेडिओलहरीवर बोलते, त्याचे आकडे चर्चच्या पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले होते. आधी चॅनेलचा नंबर दाबायचा, मग एकेक आकडा, मधले टिंब विसरायचे नाही, मग नोंदीचे बटण. टिंब राहिले की मी तो आकडा नाकारून लुकलुकत बसायचो.

"याला तुझ्यापेक्षा जास्त शिस्त आहे," त्याची बायको व्हर्ना म्हणाली.

"तुझ्या भावापेक्षा तर आहेच," डॉर्सी म्हणाला आणि टिंब पुन्हा विसरला.

पहिल्या चॅनेलवर त्याने अग्निशमन केंद्र बसवले, दुसऱ्यावर रुग्णवाहिका. तिसऱ्यावर जवानांच्या हातातले छोटे वायरलेस संच. त्यांचा आवाज अगदी लहान, डोंगर ओलांडून जात नसे. डॉर्सी त्या केंद्राचा बिनपगारी जवान होता. एरवी लाकडाच्या गिरणीत काम करायचा, आणि बोलावणे आले की हातातले टाकून बंबावर चढायचा. त्याचा नंबर चौदा.

माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीत. माझ्यातून बोलावण्याचे दोन सूर वाजले की व्हर्नाचे पिठातले हात थांबत. ज्या कोणाच्या घरावर संकट आले असेल, त्याच्यासाठी ती डोळे मिटून प्रार्थना करी. त्यानंतर "चौदा केंद्रावर परत" हे शब्द ऐकेपर्यंत ती खाली बसत नसे. कधी तासभर, कधी चार तास. हा नेम तिने कोणाला सांगितला नव्हता. मी समोरच असायचो, म्हणून मला ठाऊक.

एका ऑक्टोबरात, रानातली पाने वाळून कुरकुरीत झाली असताना, चर्चच्या बायका तिच्याकडे सफरचंदे आटवायला जमल्या होत्या. तेवढ्यात सूर वाजले. वरच्या रानात वणवा लागला होता. डॉर्सी गेला. बायका प्रार्थनेला बसल्या, व्हर्ना उभीच. त्या दिवशी माझी खरखर काही केल्या थांबेना.

"अगं व्हर्ना, हा काय तळतोय तिकडे?" शेजारीण आर्डिथ म्हणाली. "देवाने आपलं ऐकायचं की याचं?"

व्हर्ना ओशाळली. माझ्या डोक्यावर दोन चाके आहेत, एक आवाजाचे, दुसरे खरखर दाबायचे. तिने दुसरे चाक पार टोकापर्यंत आवळले. घर शांत झाले.

पण मित्रांनो, ते चाक फार आवळले की खरखरीबरोबर क्षीण आवाजही दाबला जातो. त्याच वेळी तिसऱ्या चॅनेलवर डॉर्सी बोलत होता. जळके झाड कोसळून त्याचा पाय खाली अडकला होता. केंद्र डोंगरापलीकडे, सोबती धुरात पलीकडच्या उतारावर पांगलेले. त्याची हाक पोहोचेल असे जवळपास एकच ठिकाण होते, ही खिडकी. पण आवाज लागेल त्याच चॅनेलवर मी थांबतो; दाबलेली हाक मला लागतच नव्हती, आणि मी तिच्यावरून पुढे निघून जात होतो. एक, दोन, तीन, चार, फेरीमागून फेरी. थांबणे माझ्या हातात नव्हते.

प्रार्थना संपली. कॉफी झाली.

"आता तरी बस," आर्डिथ म्हणाली. "पायांना मुळं फुटतील तुझ्या."

"बसते," व्हर्ना म्हणाली आणि बसली नाही. मग माझ्याकडे पाहत हळूच म्हणाली, "हा इतका वेळ गप्प राहत नाही गं. चर्चमध्येसुद्धा राहत नाही."

तिने चाक उलटे फिरवले. खरखर घरभर पसरली आणि तिच्या तळाशी, मुंगीएवढा आवाज, "...चौदा... पाय अडकलाय... कोणी ऐकतंय का..."

केंद्राला फोन आर्डिथनेच लावला. माणसे वेळेवर पोहोचली. डॉर्सी वाचला, पण पुढे आयुष्यभर लंगडला, आणि धुराने धरलेली छाती कधी मोकळी झाली नाही.

"चाक मी आवळलं होतं," तो घरी आल्यावर व्हर्ना म्हणाली. "वीस मिनिटं."

"आणि सोडलं कोणी? आर्डिथने?" त्याने पांढऱ्या रंगाचा एक ठिपका चाकाजवळ लावला. "याच्या पुढे न्यायचं नाही. माझं घोरणं सोसतेस, तर ही खरखरही सोस."

वर्षे गेली. जिल्ह्यात नवी यंत्रणा आली, तिची भाषा मला कळत नाही. माझे एकेक चॅनेल मुके झाले. एकदा तर मला कपाटात टाकून सगळे विसरले. सेल गळून पोटात हिरवट बुरशी धरली. व्हर्नानेच काडीला कापूस लावून ती पुसली.

मग डॉर्सी गेला. दफनाच्या वेळी तिच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होती. ती मला हातात धरून उभी होती.

"बस गं," आर्डिथ कुजबुजली.

व्हर्ना बसली नाही. केंद्राने त्या दिवसापुरता जुना पहिला चॅनेल उघडला होता. तिथे तशी रीत आहे, गेलेल्या जवानाला एकदा शेवटचे बोलावतात.

"केंद्राकडून चौदाला." मी फक्त खरखरलो. "केंद्राकडून चौदाला." पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"चौदा उत्तर देत नाही," केंद्रावरची बाई म्हणाली. "चौदाचं काम पूर्ण झालं. चौदा केंद्रावर परत."

तेव्हा व्हर्ना खुर्चीवर बसली.

आता माझ्यावर कोणी बोलत नाही. तरी रोज दुपारी ती मला लावते, चाक ठिपक्यापर्यंत आणते आणि बसून विणकाम करते. मी रिकाम्या चॅनेलांवरून फिरत राहतो. फार थकलो आहे, पण थांबवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी जुने असेल, तर वापर संपल्यावर त्याच्या पोटातले सेल काढून ठेवा. आणि खरखरीचा कितीही कंटाळा आला, तरी चाक टोकापर्यंत आवळू नका. ज्याला मोठ्याने हाक मारण्याचे बळ उरलेले नसते, तो त्या खरखरीतूनच बोलत असतो.