दादाने फोन साफ केला

घरात रंगारी असला की सगळ्या दुखण्यांवर एकच औषध: खरवडून काढा. दादाने बहिणीच्या फोनचंही तेच केलं. कुणीतरी तिचं नाव आणि फोटो लावून खोटं खातं उघडलं होतं. त्यावरून चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना तो भामटा नको नको ते लिहायचा, आणि तिला डिवचायला त्यातलं थोडं तिलाही पाठवायचा. दादाचं डोकंच फिरलं. त्याने एकूणएक मेसेज उडवला, कंपनीला कळवून खातं बंद करवलं आणि गड जिंकल्याच्या थाटात चहा मागितला.

बहीण त्या दुकानात नजर तपासायची. मालकाने तिला शनिवारपर्यंत मुदत दिली होती. तोवर पोलिसांत तक्रार नोंदव, नाहीतर ते लिहिणारी तूच असं लोक धरून चालतील, मग मला तुला ठेवता येणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं.

दोघं एका वकीलबाईंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. दुसऱ्याचं सोंग घेऊन असं लिहिणं हा इंटरनेटवरही गुन्हाच, खातं कुणी चालवलं हे पोलीस कंपनीला विचारू शकतात, असं त्या म्हणाल्या.

"पण कायद्यापुढे काहीतरी ठेवावं लागतं हो. तुमच्या भावाने चोराचे ठसे पुसून दिले."

दादा मान खाली घालून नखांतला रंग कोरत बसला. तिला त्याचा संताप आला आणि कीवही आली.

उरली गिऱ्हाइकं; त्यांच्या फोनमध्ये ते मेसेज असले तर. दोन दिवस ती एकेकाला फोन करत होती. बहुतेकांनी किळस येऊन मेसेज पुसले होते. एका बाईने तर तिचं नाव ऐकताच फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी ती चष्म्याच्या दुकानासमोरच्या घड्याळजींकडे गेली. साठीचे, एकटे, बोलायला मऊ. पंधरा दिवस ते तिला टाळत होते आणि तिने त्याचा अर्थ तिरस्कार असाच लावला होता. खोट्या खात्याचं सांगून, त्यावरून मेसेज आले होते का, असं तिने विचारलं. त्यांच्या हातातला चिमटा थांबला. आले होते, म्हणाले, आणि आहेतही. तिला हायसं वाटलं. तिने हात पुढे केला, तशी त्यांनी फोनवर तळवा ठेवला.

"माझी उत्तरंही आहेत त्यात. मला वाटलं, तुम्हीच लिहिताय."

कुठे बघावं तिला कळेना. याच माणसाच्या कानांवर तिने कितीदा चष्मा नीट बसवून दिला होता. तिला शिसारी आली, आणि फोन तर हवाच होता.

"तेवढी माझी पुसली तर?"

हो म्हणून मोकळं व्हावं असं तिला फार वाटलं.

"नाही काका. पोलिसांना दाखवायचंय, काही म्हणजे काही पुसायचं नाही."

काका म्हटल्यावर ते आणखीच खचले. बराच वेळ त्यांनी उगाच एक स्क्रू इकडचा तिकडे केला. मग डोळ्यावरची भिंगाची नळी काढली आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं.

"तुम्ही नका वाचू. मी येतो, मीच वाचून दाखवतो."

पोलीस ठाण्यात टेबलापलीकडून एक शिपाई हसला. तरी घड्याळजींनी पहिल्या मेसेजपासून वाचलं, स्वतःचं एकही वाक्य न गाळता.