एसेताचे पांढरे बूट

एसेताला जन्मापासून कानांनी ऐकू येत नव्हतं, पण तळपायांनी येत होतं. हा शोध रूताबाईंचा. सामोआतल्या आमच्या गावच्या शाळेत त्या मुलांना लाकडी जमिनीवर अनवाणी उभं करत आणि पोकळ लाकडाचा ढोल जमिनीला टेकवून बडवत. एसेता इतरांच्या बरोबरीनं ताल धरायची, हातवारे करायची. एकदाही चुकत नसे.

बालरविवारी सगळी मुलं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये गाणार होती. एसेताचे वडील तवीता म्हणाले होते, "तिथं नीट जमलं तर शाळा चालू ठेवू. नाहीतर बाई, कशाला तिचे हाल? घरी धाकट्याला तरी सांभाळेल."

त्या सकाळी एसेता आली ती नवेकोरे पांढरे बूट मिरवत. ऑकलंडच्या आत्यानं पाठवलेले, जाड रबरी तळाचे. रूताबाईंनी तिच्या आईला बाजूला घेतलं.

"सिएनी, बूट काढ तिचे. ढोल कळणार नाही तिला."

"आणि अख्ख्या गावासमोर माझीच तेवढी अनवाणी?" आईचे डोळे भरले. "सगळे तिला बिचारी म्हणतात. आज तरी नका हो वेगळी काढू!"

रूताबाईंनी बूट राहू दिले आणि ढोल उचलून आत नेला.

गाणं सुरू झालं. बाईंनी जीव खाऊन ढोल बडवला, पण एसेता खाली बघत राहिली. मग शेजारणीचं बघून हात हलवू लागली, प्रत्येक वेळी मागून. गाणं संपलं, मुलं खाली बसली, तरी ही एकटी हातवारे करतच होती.

लोक हसले. आमच्याकडे पोरं चुकली की लोक मायेनंच हसतात, पण ती माया आवाजात असते. एसेताला दिसले ते नुसते उघडे दात. तवीतांनी मान खाली घातली.

सोमवारी सणाची सुट्टी होती; मंगळवारी ती शाळेत आली नाही. बाई घरी गेल्या.

"तुमचं मन मोठं आहे, बाई," तवीता हळूच म्हणाले, "पण आता पुरे."

एसेता पलंगाच्या कडेला धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती, पाय फळ्यांच्या जमिनीवर. रूताबाई गुडघ्यांवर बसल्या आणि तळहातानं जमिनीवर तोच ताल थोपटू लागल्या.

एसेतानं तो ओळखला. तिनं दोन्ही पाय उचलून पलंगावर घेतले आणि चादरीत गुंडाळले.