चोवीस नंबरची कुंडी

भाचीने मावशीचा उजवा हात धरून खिडकीशी आणला आणि अंगठ्याच्या बुडाशी उठलेल्या लाल गांध्या मोजल्या. अकरा होत्या. मावशीने हात सोडवून घेतला आणि पुन्हा शिलाई मशीनवर जाऊन बसली.

"पान झोंबतं तुला?" भाचीने विचारलं.

"झोंबतं की. रोज अर्धं मिनिट टेकवायचं म्हणालीस, टेकवते."

झोंबायला नको होतं, हीच तर पंचाईत होती. खाजोटीच्या पानाने सांधेदुखी खरोखर कमी होते का, हे शोधण्यात भाचीची तीन वर्षं गेली होती. खाजोटी म्हणजे कुंपणाकडेला माजणारं ते रोप, ज्याला चुकून हात लागला की माणूस तासभर हात चोळत बसतो. तेवीस दुखरे अंगठे तिने मोठ्या मिनतवारीने जमवले होते; चोविसावा मिळेना तेव्हा मावशीला गाठलं. चाळीस वर्षं कात्री चालवून मावशीचा अंगठा कामातून गेलेलाच होता. बाराजणांना खाजोटीची कुंडी दिली आणि बाराजणांना तशाच दिसणाऱ्या, पण अगदी गरीब स्वभावाच्या रोपाची. कोणाला काय मिळालं हे वाटप करणाऱ्या बाईंच्या बंद पाकिटात होतं. आज सकाळी पाकीट उघडलं, तर चोवीस नंबर, म्हणजे मावशी, गरीब रोपाच्या यादीत. आणि सगळ्यात जास्त उतार पडला होता तो तिच्याच अंगठ्याला.

भाची गॅलरीत गेली. कुंडीतल्या पानाला बोट लावलं आणि बोट तोंडात घालून परत आली.

"मावशी, हे रोप आमचं नाही."

मशीन थांबलं. मावशीने दोरा तोडला, सुई उगाच वर-खाली केली.

"तू दिलेल्यात दमच नव्हता गं. गालाला लावून पाहिलं, तरी मख्ख. म्हटलं, पोरीची गफलत झाली. ते तुमचे साहेब चारचौघांत तुला बोलतात, तूच सांगितलंस ना? मग नाल्याकडेचं एक उपटून आणलं आणि लावलं. नंबरची पट्टी तशीच ठेवली. कोणाला कळायला नको."

भाची आधी खो खो हसली. मग खुर्चीत बसली आणि सगळं समजावून सांगितलं. मावशीने हातातलं काम खाली ठेवून ऐकलं.

"म्हणजे मुद्दामच पानं पुसलीस माझ्या तोंडाला."

"मलाही माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नसतं, म्हणून तर खरं काय ते कळतं."

"मग माझं नाव काढून टाक. तेवीस राहतील."

 सकाळपासून भाचीने ते दोनदा करून पाहिलं होतं. मावशीला वगळलं की खाजोटी जिंकत होती. मावशीला ठेवलं की फरक इतका किरकोळ उरत होता, की तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

"तुला काढलं तर मी जिंकते," ती शेवटी म्हणाली. "म्हणूनच काढता येत नाही. ज्याला ज्या यादीत घातलं, त्याला शेवटपर्यंत तिथेच मोजायचं. मीच लिहून दिलंय तसं, पहिल्या दिवशी."

"आजारी पडले म्हणून लिही. मेले म्हणून लिही."

"काहीतरीच बोलू नकोस."

मावशीचे डोळे भरून आले. या पोरीवर तिचा जीव होता, पोटच्या पोरांहून काकणभर जास्तच, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "तुझं भलं करायला गेले गं मी."

"माहीत आहे. माझ्यासाठी तीन महिने रोज आग सोसणारं दुसरं आहे कोण?"

भाचीने कागद काढला. मावशी सांगत गेली, ती लिहीत गेली: कुंडीतलं रोप मी स्वतःहून बदललं, कोणाला सांगितलं नाही.

"पोरीची यात काही चूक नाही, हेही लिही."

"लिहिलं."

"आणि पोरगी हुशार आहे."

"ते नाही चालत तिथे. सही कर."

मावशीने पेन घेतलं आणि नाव, आडनाव सगळं एका दमात लिहून टाकलं. तीन महिन्यांपूर्वी संमतीच्या कागदावर हीच सही करताना तिने दोनदा पेन खाली ठेवून अंगठा दाबून धरला होता. भाची त्या सहीकडे बघत राहिली.

"मावशी, आत्ता लिहिताना दुखलं?"

"नाही," मावशी म्हणाली. मग भाचीचा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाली, "तुला हवं असेल तर दुखलं."