थंड रिअ‍ॅक्टर

माझा मेहुणा म्हणजे एक नंबरचा भित्रा. बायकोनं डोकं खाल्लं म्हणून त्याला आमच्या रंगाच्या कारखान्यात चिकटवला, नाहीतर माझं काय अडलं होतं? पाळीचा मुकादम मी. त्याला रिअ‍ॅक्टरपाशी उभा केला आणि काम सांगितलं. त्या झाकणबंद हंड्यात एक रसायन असतं, त्यात वरच्या टाकीतलं दुसरं सोडायचं. दोघं भेटली की उष्णता सुटते, ती भोवतीच्या गार पाण्यानं ओढून न्यायची. म्हणून सोडायचं बेतानं. पण हा बाबा इतक्या बेतानं सोडायचा की बघणाऱ्याला झोप यावी.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. माल कुठाय म्हणून साहेबानं मला सगळ्यांसमोर झापलं. मी तणतणत याच्याकडे गेलो, तर तापमानाचा काटा तळाशी आणि वरची टाकी भरलेली.

"काय रे, मुहूर्त बघतोयस का?"

"दाजी, गारठ्यानं आत काही घडतच नाहीये. सोडलेलं नुसतं साठतंय. आधी जरा कोमट करू."

"तापत नाही म्हणजे भ्यायचं कारणच नाही ना! सोड सगळं. का बहिणीला बोलावू हात धरायला?"

पाळीतले सगळे खो खो हसले. त्याचे कान लाल झाले. त्यानं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. टाकी रिकामी झाली तरी काटा ढिम्म.

"बघ, मेलास का?" म्हणालो आणि आतलं तापवायला भोवती गरम वाफ सोडायला लावली.

मग काटा चढला. चढला तसा आणखी जोरात चढायला लागला, कारण ऊब मिळाली की रसायनाला घाई होते, आणि त्या घाईनं आणखी ऊब होते. साठलेलं सगळं एकदम पेटून उठलं. गार पाणी कुठवर पुरणार? मी पळालो. कोणीही पळाला असता. हा शहाणा वाफ बंद करायला थांबला. झाकण उडालं आणि आतलं सगळं त्याच्या तोंडावर आलं.

दोन्ही डोळे गेले.

चौकशीचे अधिकारी दवाखान्यात आले तेव्हा मी भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू. पाळीतल्यांची तोंडं मी बंद केली होती. हा एक शब्द बोलला असता तर नोकरी गेली असती, वर तुरुंग.

"व्हॉल्व्ह उघडायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," पट्ट्यांमागून तो म्हणाला. "दाजी तिथं नव्हतेच."

अधिकारी बाहेर पडले. बायको दाराशी उभी होती. "माझा संसार मोडू नये म्हणून खोटं बोलला तो," ती म्हणाली. "मला सगळं कळलंय. मी सांगते जाऊन."

"जा की. मी आत गेल्यावर या आंधळ्याला तू पोसशील?"

जिन्यात अधिकाऱ्यांचे बूट अजून वाजत होते. ते वाजायचे थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग आत येऊन भावाच्या उशाशी बसली.

"ताई," तो म्हणाला, "बरोबर बोललो ना मी?"

"हो रे," ती म्हणाली. "बरोबर बोललास."